एका शब्दाशी झटापट

काही शब्द माणसाच्या मागे लागतात. कुणाच्या मागे 'कर्ज' लागते, कुणाच्या मागे 'बदली' लागते. माझ्या मागे एक इंग्रजी शब्द लागला आणि त्याने चाळीस-पंचेचाळीस वर्षे माझी पाठ सोडलेली नाही. शब्द काही फार भारदस्त नाही. 'स्कफल'. इंग्रजीत मोजून सात अक्षरे. सभेत, मोर्चात, आगगाडीच्या डब्यात माणसे एकमेकांच्या अंगावर आली की इंग्रजी वर्तमानपत्रे हा शब्द वापरतात. शाळेतल्या मुलाला अर्थ विचारा, तो 'मारामारी' म्हणून मोकळा होईल. वयाच्या चोविसाव्या वर्षी मीही असाच मोकळा झालो होतो. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच एका गृहस्थांनी मोजली.

चार ओळींची बातमी

गोष्ट १९७९ सालची. मुंबईच्या एका मराठी दैनिकात मी नुकताच उपसंपादक म्हणून लागलो होतो. उपसंपादक हे नाव ऐकायला मोठे. काम म्हणजे टेलिप्रिंटरवर खडखडत येणाऱ्या इंग्रजी बातम्यांचे मराठी करणे. रात्रपाळी, अर्ध्या कपातला चहा, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि समोर कागदाची न संपणारी गुंडाळी. एका रविवारी रात्री साडेअकराच्या सुमारास उपनगरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या वार्षिक सभेची चार ओळींची बातमी आली. हिशेबावरून वाद झाला, दोन सभासदांत 'स्कफल' झाली आणि सभा तहकूब करावी लागली, एवढाच मजकूर. दोघांपैकी एक जण त्याच संस्थेच्या शाळेत शिक्षक होते आणि त्यांचे नाव बातमीत होते.

मी मथळा दिला : 'वार्षिक सभेत हाणामारी'.

'झटापट' हा शब्द मला सुचलाच नव्हता असे नाही. पण तो जरा पुचाट वाटला. 'हाणामारी' म्हटले की कसे, वाचणाऱ्याचे डोळे जागच्या जागी थांबतात! जुळाऱ्याने खिळे जुळवले, पहाटे अंक निघाला आणि मी घरी जाऊन खुशाल झोपलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिपाई सांगत आला, "साहेब, एक वयस्कर गृहस्थ आलेत. मथळा कुणी दिला ते विचारतायत."

पांढरा सदरा, करडी विजार, काखेत छत्री. चष्म्याच्या एका भिंगाला कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेलेला. त्यांनी घडी घातलेला अंक माझ्यापुढे ठेवला, मथळ्यावर बोट टेकवले आणि आवाज न चढवता विचारले,

"मी हाणलं कुणाला? तेवढं सांगा."

घडले होते ते असे. सभेच्या इतिवृत्ताची वही सरांच्या हातात होती. समोरच्या सभासदाला ती हवी होती. त्याने ती ओढली, सरांनी सोडली नाही. त्या ओढाताणीत खुर्ची कलंडली, सरांचा चष्मा खाली पडला आणि कुणाचा तरी पाय त्याच्यावर पडला. चौघांनी मध्ये पडून दोघांना बाजूला केले. सगळा मिळून मिनिटभराचा मामला. हात कुणीच कुणावर उगारला नव्हता.

"एकतीस वर्षं शिकवतोय," सर म्हणाले. "वर्गात कधी छडी नेली नाही. काल सातवीतला एक मुलगा विचारतो, सर, तुम्ही त्यांना किती मारलंत? कौतुकानं विचारत होता हो! तेच मला जास्त लागलं."

मी धांदलीने तारांच्या गठ्ठ्यातून मूळ कागद शोधून काढला. म्हटले, मूळ शब्द हा असा आहे; मी फक्त भाषांतर केले. सरांनी तडकलेला चष्मा सावरत तो कागद वाचला. आणि माझे दैव असे की ते इंग्रजीचेच शिक्षक निघाले! मला माझ्याच कचेरीत "बसा" म्हणाले आणि मी बसलो.

"हे बघा," ते म्हणाले, "स्कफलमध्ये अंगाला अंग भिडतं. ओढणं आहे, ढकलणं आहे, सोडवून घेण्याची धडपड आहे. ठोसा असेलच असं नाही. आणि दुसरी गोष्ट. या शब्दाला कर्ता नाही. सुरुवात कुणी केली, सोसलं कुणी, हे तो सांगत नाही. बातमीदाराला नक्की माहीत नव्हतं म्हणून त्यानं हा शब्द घातला. तुम्हालाही माहीत नव्हतं. मग तुमच्या मथळ्यात हाणणारा कुठून आला?"

मला उत्तर देता आले नाही. आजही देता येणार नाही. चार दिवसांनी आमच्या अंकात खुलासा छापून आला. मथळा आला होता ठळक टाइपात तिसऱ्या पानावर, खुलासा आला बारीक टाइपात सातव्या पानावर. त्यानंतर आठवड्याने सरांचे पोस्टकार्ड आले. त्यावर दोनच वाक्ये होती. 'खुलासा वाचला. तो वाचणारा बहुधा मी एकटाच असेन.'

ते पोस्टकार्ड मी बरीच वर्षे टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. त्याच्याकडे पाहत पाहत मी त्या शब्दाच्या कुळाचा शोध घेऊ लागलो.

ढकलण्याच्या घराण्यातला

'स्कफल' हा शब्द इंग्रजीत आला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस. तो उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आला असावा, असे कोशकार मानतात. स्वीडिश भाषेत 'स्कुफ्फा' म्हणजे ढकलणे. इंग्रजीतले 'शव्ह' म्हणजे ढकलणे आणि 'शफल' म्हणजे पाय घासत चालणे किंवा पत्ते पिसणे, हे त्याच गोतावळ्यातले. म्हणजे ह्या शब्दाच्या पोटात मूळची मूठ नाही. आहे तो रेटा आणि जमिनीवर घासणारे पाय. म्हणूनच रात्री माळ्यावर उंदरांची खुडबुड चालू झाली तर त्यालाही इंग्रजीत 'स्कफलिंग' म्हणतात. तेथे उंदीर भांडत असतात असे नव्हे. पायांची सळसळ तेवढी ऐकू येते.

शेतीबागेच्या इंग्रजी पुस्तकात 'स्कफल' नावाचे एक अवजारही भेटते. मातीच्या पृष्ठभागाखालून पुढेमागे सरकवून तण कापायचे, आपल्या हातकोळप्यासारखे. हा शब्द डच भाषेतून आला. जागा वेगळी, पण ढकलण्याचा धर्म तोच. माझ्यासारख्या उतावळ्या भाषांतरकाराच्या हाती ते पुस्तक पडले असते तर 'माळ्याने तणाशी झटापट केली' असे वाक्य छापून निघाले असते!

शेक्सपिअरने हा शब्द ऐन तारुण्यात असतानाच उचलला. 'अँटनी अँड क्लिओपात्रा' ह्या नाटकाच्या पहिल्याच भाषणात अँटनीचा एक सोबती जुन्या अँटनीची आठवण काढतो. मोठमोठ्या लढायांच्या झटापटींत ज्याच्या छातीवरचे बंद तटातट तुटत असत, तो सेनापती हाच काय, अशी त्याची खंत आहे. शब्दाची जागा पाहण्यासारखी आहे. लढाई मोठी, पण तिच्या आत जिथे तलवार फिरवायलाही जागा उरत नाही, छातीला छाती लागते, तिथे शेक्सपिअर 'स्कफल' म्हणतो.

ह्या शब्दाचा आणखी एक अवतार मला फार आवडतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या, त्यातही जॅझ वाजवणाऱ्यांच्या बोलीत 'स्कफल' करणे म्हणजे पोटासाठी कसाबसा झगडा देणे. आज काम मिळाले, उद्याचे ठाऊक नाही, तरी रेटत राहायचे. आपल्याकडे 'झटापट' आणि 'झटणे' हे शब्द कानाला एकाच घरचे वाटतात ना? दोन भाषांना हजारो मैलांवरून एकच गोष्ट दिसावी, याची मोठी मौज वाटते. पोट भरणे ही देखील एक झटापटच. प्रतिपक्ष मात्र दिसत नाही.

केशाकेशीपासून हमरीतुमरीपर्यंत

मग मी आपल्या भाषेकडे वळलो आणि थक्क झालो. भांडणाच्या बाबतीत आपण गरीब आहोत असे कुणी म्हणू नये!

संस्कृत व्याकरणात तर अशा प्रसंगासाठी समासाची एक खास जातच आहे. एकमेकांचे केस धरून चाललेले युद्ध ते 'केशाकेशि', एकमेकांवर काठ्या चालवून झालेले ते 'दण्डादण्डि', मुठींचे ते 'मुष्टामुष्टि'. पाणिनीने ह्यासाठी स्वतंत्र सूत्र दिले आहे. अडीच हजार वर्षांच्या आसपास झाली असतील. एवढ्या गंभीर ग्रंथात झिंज्या ओढण्याची सोय करून ठेवणारा वैयाकरण माणसांना चांगलाच ओळखत असला पाहिजे. योगायोग असा की इंग्रजीतला 'टसल' हा शब्दही केस विस्कटण्याच्या 'टाउझल' ह्या शब्दाचा भाऊ आहे. म्हणजे इंग्रजांचा 'टसल' आणि आपली 'केशाकेशि' ह्यांनी एकमेकींच्या वेण्या धरलेल्याच आहेत!

मराठीने तीच घडण पुढे चालवली. शब्द दुहेरी केला की दोन्ही बाजू आल्या. बोलाचाली झाली, म्हणजे आवाज चढले. बाचाबाची झाली, म्हणजे शब्दाला शब्द लागला. हात अजून आपापल्या जागी आहेत. हमरीतुमरीवर आले, म्हणजे 'अहो'चे 'अरे' झाले. रेटारेटी गर्दीची, तिच्यात राग असेलच असे नाही, सकाळच्या लोकलचा कोणताही डबा पाहावा. ओढाताण वस्तूसाठी, झोंबाझोंबी अंगाशी. गुद्दागुद्दी म्हटले की मुठी वळल्या, लठ्ठालठ्ठी म्हटले की काठ्या निघाल्या. हातघाई हा शब्द जुन्या लढायांतला. आणि 'राडा' हा अगदी अलीकडचा. त्याने ह्या सगळ्यांना गिळून टाकण्याचा चंग बांधला आहे. हल्ली मोबाइलवर पाहावे तर दोन नट एकमेकांशी बोलले नाहीत तरी राडा, आणि दुकाने जळाली तरी राडाच.

ह्या उतरंडीत 'स्कफल'ची जागा कोणती? माझ्या मते बाचाबाचीच्या वर आणि गुद्दागुद्दीच्या खाली. माणसे थोडी, वेळ थोडा, हत्यार नाही, आधीचा बेत नाही, अंगाला अंग भिडलेले आणि कोण कुणाला काय करतो आहे हे बघणाऱ्याला नीट दिसत नाही. 'झटापट' हा त्याला जवळचा शब्द. वही ओढण्याचा प्रसंग असेल तर 'ओढाताण' अधिक नेमका.

पण खरी मेख मला शब्दात सापडली नाही. ती सापडली त्याच्या मागे लागणाऱ्या प्रत्ययात. मराठीत 'दोघांत झटापट झाली' किंवा 'त्याची पहारेकऱ्याशी झटापट झाली' असे म्हणता येते. 'त्याला झटापट झाली' असे कुणी म्हणत नाही. 'झटापट' 'ला' घेत नाही. उलट 'मारहाण' पाहा. 'त्याला मारहाण झाली' हे बरोबर. 'दोघांत मारहाण झाली' म्हटले की कानाला खटकते. आणखी गंमत म्हणजे 'मारहाण' आणि 'हाणामारी' ह्या दोन्ही शब्दांत 'मारणे' आणि 'हाणणे' हीच दोन क्रियापदे आहेत. नुसता क्रम बदलला आणि एकीकडे एक मारणारा व एक मार खाणारा उरला, दुसरीकडे दोघेही मारणारे झाले! 'धक्काबुक्की' तेवढी दोन्ही घरची पाहुणी. 'दोघांत धक्काबुक्की' हेही चालते आणि 'अधिकाऱ्याला धक्काबुक्की' हेही. म्हणून तिला वापरताना मागचा प्रत्यय दोनदा पाहून घ्यावा.

आपल्या आज्यांनी हे व्याकरण कोणत्या शाळेत शिकले होते? पण "कुणाकुणात जुंपली?" आणि "कुणाला मारलं?" हे दोन प्रश्न त्या कधीही एकमेकांच्या जागी विचारत नसत.

दुसरी चूक

हे सगळे ज्ञान झाल्यावर मी शहाणा झालो असेन असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही.

१९९१ साली मी त्याच व्यवसायात, वेगळ्या कचेरीत, रात्रपाळीचा प्रमुख होतो. एका खानावळीत गिऱ्हाइकांशी झालेल्या भांडणाची टिपणी इंग्रजीतून आली. तिच्यात 'मायनर स्कफल' असे शब्द होते. सरांचा धडा माझ्या डोक्यात पक्का होता. मी छाती पुढे काढून लिहिले : 'खानावळीत किरकोळ झटापट'. एकदाचा अचूक शब्द घातला म्हणून मनात खूषही झालो.

दुसऱ्या दिवशी आमच्या बातमीदाराचा इस्पितळातून फोन आला. "किरकोळ कुणी लिहिलं?" त्याने विचारले. ताटे उचलणारा सतरा वर्षांचा मुलगा. आमटी सांडली एवढे निमित्त. तिघांनी त्याला मोरीपाशी नेऊन तुडवले. उजवा हात कोपराशी मोडला होता. त्याने उलट काय केले, तर डोके वाचवायला तोच हात वर धरला.

मी शब्दाचा अर्थ बरोबर लावला होता, आणि बातमी खोटी छापली होती. कारण जे घडले ते 'स्कफल' नव्हतेच. टिपणी लिहिणाऱ्याने तो शब्द का वापरला हे मला कळले नाही. सवयीने, घाईने, की कुणाला सांभाळून घ्यायला? पण सरांनी बारा वर्षांपूर्वी सांगितलेली दुसरी गोष्ट मी विसरलो होतो. ह्या शब्दाला कर्ता नाही. जिथे कर्ता माहीत नाही, तिथे तो प्रामाणिक आहे. जिथे कर्ता माहीत आहे, तिथे तो पडदा आहे. सरांच्या बाबतीत मी नसलेला मारणारा उभा केला होता; त्या पोराच्या बाबतीत असलेले तीन मारणारे पुसून टाकले. एका 'हाणामारी'ने अन्याय झाला, एका 'झटापटी'ने झाला. त्या दिवशी लिहायला हवे होते ते 'मारहाण', आणि त्याच्याआधी 'मुलाला'.

ह्या वेळी मी खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात छापला. मुलाचा हात त्याने लवकर बरा झाला असे मात्र नाही.

कायद्याचा तराजू

कायदा हा शब्दांचा मोठा सावकार. तो 'स्कफल' हा शब्द गुन्हा म्हणून ओळखतच नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत 'हर्ट' होते, 'असॉल्ट' होते, पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव हिंसेवर उतरला की 'रायटिंग' म्हणजे दंगा होता. आणि 'अफ्रे' नावाचा एक गुन्हा कलम १५९ मध्ये होता. दोन किंवा अधिक माणसांनी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतताभंग केला की तो 'अफ्रे'. शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हाच गुन्हा कलम १९४ मध्ये आला आणि दंडाची मर्यादा हजार रुपयांवर गेली. कैद तेवढीच राहिली.

ह्या 'अफ्रे'साठी दोन्ही बाजूंनी हात चालवावे लागतात. एक मारतो आणि दुसरा निमूट मार खातो, तिथे मारणाऱ्यावर दुसरी कलमे लागतील, पण 'अफ्रे' होत नाही. आमच्या आज्यांचे व्याकरण आणि कायदा येथे एकाच ओट्यावर बसलेले दिसतात.

शब्दाचा इतिहासही सुरेख आहे. जुन्या फ्रेंचमधून तो आला. मूळ अर्थ शांततेतून बाहेर काढणे, घाबरवून सोडणे. ज्याला असे 'अफ्रे' केले तो 'अफ्रेड', म्हणजे भ्यालेला. आपण लहानपणी पाठ केलेला 'अफ्रेड' हा शब्द ह्या मारामारीचा मुलगा आहे! इंग्लंडच्या १९८६ च्या कायद्यात ही जुनी नाळ अजून दिसते. तेथे बेकायदा हिंसा किंवा तिची धमकी अशी हवी, की तिथे एखादा बऱ्यापैकी धीराचा माणूस उभा असता तर त्याला स्वतःच्या जिवाची भीती वाटली असती. म्हणजे भांडणारे दोघे; कायदा मोजतो तो तिसऱ्याचा धीर.

क्रिकेटवेड्या वाचकांना हा शब्द आठवत असेल. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टल शहरात एका नाइट क्लबच्या बाहेर मध्यरात्री भांडण झाले आणि इंग्लंडचा अष्टपैलू खेळाडू बेन स्टोक्स ह्याच्यावर 'अफ्रे'चा आरोप आला. तो त्या हिवाळ्यातल्या ॲशेस मालिकेला मुकला. ऑगस्ट २०१८ मध्ये खटला चालू असल्यामुळे भारताविरुद्धच्या लॉर्ड्स कसोटीतही त्याला खेळता आले नाही. आपण स्वतःच्या आणि इतरांच्या बचावासाठी हात उचलला, असे त्याचे म्हणणे होते. १४ ऑगस्ट २०१८ रोजी ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. त्या काळात वर्तमानपत्रांनी त्या एकाच रात्रीला किती नावे दिली असतील! न्यायालयापुढे प्रश्न होता तो सरांचाच : हात कुणी उचलला, कुणावर, आणि कशासाठी?

सरहद्दीवरचा शब्द

निवृत्तीनंतर वाटले, आता हा शब्द आपल्या वाटेला येणार नाही. तर तो थेट हिमालयातून आला.

९ डिसेंबर २०२२ रोजी अरुणाचल प्रदेशात, तवांग भागातल्या यांगत्से येथे भारतीय आणि चिनी सैनिक समोरासमोर आले. १३ डिसेंबरला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह ह्यांनी संसदेत निवेदन केले. त्याच्या इंग्रजी मजकुरात शब्द होते 'फिजिकल स्कफल'. दोन्ही बाजूंचे काही सैनिक जखमी झाले, आपल्याकडे मृत्यू वा गंभीर दुखापत नाही, असे त्यात सांगितले होते. मी चहाचा कप खाली ठेवला आणि कात्री शोधली.

जगातल्या दोन बलाढ्य सेनांमध्ये 'झटापट' कशी होते, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर १९९६ च्या भारत-चीन करारात आहे. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरांच्या आत गोळीबार करायचा नाही, असे त्यात ठरले. बंदूक चालवायची नाही म्हटल्यावर उरतात ते हात, खांदे, छातीचा रेटा. म्हणजे तंतोतंत 'स्कुफ्फा'.

पण त्याच कराराच्या छायेत १५ जून २०२० ची गलवान खोऱ्यातली रात्रही होऊन गेली होती. तिथेही गोळी सुटली नाही. पण दगड आणि काठ्यांनी आपले २० जवान मारले गेले. त्या वेळच्या आपल्या लष्कराच्या निवेदनात 'स्कफल' हा शब्द नव्हता. तिथे 'व्हायोलंट फेस-ऑफ', म्हणजे हिंसक संघर्ष, असे म्हटले होते. दोन प्रसंग, दोन्हींत बंदुका मुक्या, आणि शब्द मात्र वेगळे. ज्या घरांत त्या रात्री माणूस परतला नाही, तिथे 'झटापट' हा शब्द कोणत्या तोंडाने नेता आला असता?

तेव्हा माझ्या दोन चुकांतून आणि एका पोस्टकार्डातून मला जो नियम मिळाला तो एवढाच. 'स्कफल' दिसली की आधी तीन प्रश्न विचारावेत. दोन्ही बाजूंनी हात होते काय? दुखापत किती? आणि कुणी काय केले हे खरोखरच माहीत नाही काय? तिन्हींची उत्तरे जुळली तर 'झटापट' लिहावे. माहीत असेल तर नाम बाजूला ठेवावे आणि क्रियापद घ्यावे. त्याने ओढले. ह्याने सोडले नाही. तिघांनी मारले. क्रियापदाला कर्ता लागतोच. त्याला कुठे लपता येत नाही.

नियम सांगणे सोपे. तो पाळायची वेळ माझ्यावर गेल्या वर्षी आली.

आमच्या गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा होती. विषय गाड्या लावण्याच्या जागेचा. म्हणजे सभा शांततेत होणे शक्यच नव्हते. एक शेजारी बोलत होते, बराच वेळ बोलत होते, आणि माझ्या मते चुकीचे बोलत होते. मी उठलो आणि त्यांच्या हातातला माइक ओढला. त्यांनी तो सोडला नाही. मीही सोडला नाही. सत्तरी उलटलेले दोन गृहस्थ एका माइकला लोंबकळत असल्याचे दृश्य सर्व सभासदांनी मुलाबाळांसह पाहिले. शेवटी मुलांनी आम्हाला आपापल्या खुर्च्यांवर नेऊन बसवले.

आठवड्याने आमच्या तरुण चिटणीसबाई इतिवृत्ताची वही घेऊन घरी आल्या. "काका, तुम्ही पेपरातले. एवढा शब्द बघून द्या." त्यांनी लिहिले होते : 'या वेळी सभासदांमध्ये किंचित झटापट झाली.'

शब्द अगदी बरोबर होता. दोन्ही बाजूंनी हात होते, दुखापत नव्हती, मामला मिनिटभराचा होता. माझ्या सगळ्या कसोट्यांना तो उतरत होता. शिवाय त्यात माझे नाव नव्हते. मोह झाला, हे कबूल करतो. पण मग चष्म्याचे ते तडकलेले भिंग डोळ्यांपुढे आले.

"एवढं खोडा," मी म्हटले. "आणि लिहा : सदनिका क्रमांक १४ मधील सभासदांनी, बोलत असलेल्या सभासदांच्या हातातून माइक ओढला."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काका, चौदा म्हणजे तुम्हीच ना?"

"हो," मी म्हटले. "लिहा."